नो क्लेम बोनस : हक्क, पुरावा आणि सचोटी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर मोटारीच्या विम्याचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नांदगाव तिठ्यावर क्षणभर उभे राहून पाहिले, तर हे नवल ओसरते. एका अंगाला मुंबई-गोवा महामार्ग, दुसऱ्या अंगाला देवगडकडे जाणारी वाट, तिसरीकडे फोंडाघाटाच्या दिशेने चढत जाणारा रस्ता. या तिठ्यावरून दिवसभर मोटारी धावत असतात. कोणी कणकवलीच्या बाजारपेठेत मालासाठी निघालेला असतो, कोणी आंब्याच्या पेट्या घेऊन, कोणी आजारी माणसाला कोल्हापूरच्या रुग्णालयात नेत असतो, तर चतुर्थीला मुंबईहून आलेले चाकरमानी घर गाठण्याच्या घाईत असतात. एके काळी गावात एखाद्याच घरी मोटार असे. आज ती दुकानाच्या तराजूइतकीच नित्याची वस्तू झाली आहे. मोटार आली की विमा आला, आणि विमा आला की दरवर्षीचे नूतनीकरण आले. या नूतनीकरणाच्या वेळी एक छोटा प्रश्न विचारला जातो : ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर काही हजारांची सवलत अवलंबून असते आणि प्रसंगी काही लाखांचे संरक्षणही. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नाविषयी आहे.

सवलत कशाची?

मोटार विम्याचे मुख्यतः दोन भाग असतात. पहिला भाग स्वतःच्या वाहनाला होणाऱ्या हानीचा. अपघात, चोरी, आग, पूर, झाड कोसळणे यांमुळे मोटारीचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई या भागातून मिळते. व्यवहारात याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. दुसरा भाग त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’. मोटारीमुळे दुसऱ्या कोणाचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर ती जबाबदारी या भागात येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा दुसरा भाग सक्तीचा केला आहे. पहिला भाग ऐच्छिक आहे.

‘नो क्लेम बोनस’ ही सवलत केवळ पहिल्या भागाच्या प्रीमियमवर मिळते. ज्या वाहनधारकाने वर्षभरात स्वतःच्या मोटारीच्या हानीचा एकही दावा केला नाही, त्याला पुढील वर्षीच्या प्रीमियममध्ये सूट द्यावी, हे तिचे तत्त्व. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये तिच्या पायऱ्या ठरवून दिल्या गेल्या. एक वर्ष दाव्याविना गेले तर २० टक्के, सलग दोन वर्षे गेली तर २५, तीन वर्षांना ३५, चार वर्षांना ४५ आणि पाच वर्षांना ५० टक्के. पन्नास ही शेवटची पायरी. एक दावा केला की ही सारी शिडी उतरून पुन्हा शून्यावर यावे लागते. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना ओन डॅमेजचे दर स्वतः ठरविण्याची मुभा मिळाली. तरीही बोनसच्या याच पायऱ्या पॉलिसींमध्ये रूढ राहिल्या. वाहनधारकाने आपल्या पॉलिसीच्या कागदावर छापलेला तक्ता एकदा शांतपणे वाचून पाहावा, म्हणजे हे सर्व डोळ्यांपुढे येईल.

ही सवलत माणसाची आहे, वाहनाची नव्हे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुनी मोटार विकली तर तिचा बोनस खरेदीदाराकडे जात नाही. तो विकणाऱ्याच्या नावावरच राहतो आणि त्याच प्रकारच्या नव्या वाहनासाठी त्याला वापरता येतो. मोटारीवर मिळविलेला बोनस मोटारीलाच लागतो. दुचाकीचा बोनस मोटारीला लावता येत नाही. त्याचप्रमाणे एका वाहनाचा बोनस एकाच वेळी दोन वाहनांना लावता येत नाही. हयात असलेल्या वडिलांनी मोटार मुलाच्या नावावर केली, तर मुलाला वडिलांचा बोनस मिळत नाही. त्याची शिडी पहिल्या पायरीपासूनच सुरू होते.

कंपनी बदलण्याचा प्रश्न कधी उद्भवला?

पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा नव्हताच. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून देशातील १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत एकत्र करण्यात आल्या : कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. चौघींचे दर एकच, नियम एकच. परिचयाचा विमा प्रतिनिधी दरवर्षी दुकानात येई, चहा घेई, चेक नेई आणि नवी पॉलिसी आणून देई. गेल्या वर्षी दावा झाला होता की नाही, हे त्याच्या स्मरणात असे. त्यामुळे पुरावा मागण्याचा प्रसंग क्वचितच येई.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना पुन्हा परवाने मिळू लागले. ग्राहकाला निवड मिळाली. या वर्षी एका कंपनीकडे, पुढील वर्षी दुसरीकडे, असे होऊ लागले. नव्या कंपनीकडे ग्राहकाचा पूर्वेतिहास नसतो. ग्राहक सांगतो, ‘तीन वर्षे एकही क्लेम नाही.’ कंपनी विचारते, ‘कशावरून?’ हा प्रश्न अपमानाचा समजू नये. बाजारपेठेत नवख्या माणसाने उधारी मागितली, तर दुकानदार आधीच्या पेढीवर चौकशी करतोच. तोच हा व्यवहार आहे.

पुरावा कोणता?

२००२ च्या नियमावलीत याचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे. ग्राहक एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, तर जुन्या कंपनीकडे त्याला जितका बोनस मिळाला असता, तितकाच नवी कंपनी देऊ शकते. त्यासाठी दोहोंपैकी एक कागद हवा : जुन्या कंपनीची नूतनीकरणाची सूचना, किंवा बोनसचा हक्क मान्य करणारे तिचे पत्र.

नूतनीकरणाची सूचना बहुधा मुदत संपण्यापूर्वी येते आणि तीत पुढील वर्षी लागू होणारा बोनसचा दर लिहिलेला असतो. अनेक घरांत हा कागद जाहिरात समजून टाकून दिला जातो. ती चूक करू नये. सूचना आली नाही, तर जुन्या कंपनीच्या कार्यालयाला पत्र अथवा ई-मेल पाठवून बोनसचे पत्र मागावे. मागणी करताना पॉलिसी क्रमांक, वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि पॉलिसीची मुदत इतके लिहिले तरी पुरते.

येथे एका नेहमीच्या गोंधळाचा उल्लेख आवश्यक आहे. चालू पॉलिसीवर जो टक्का छापलेला असतो, तो मागील वर्षांच्या पुण्याईचा असतो. पॉलिसीवर २५ टक्के लिहिले असतील आणि चालू वर्षही दाव्याविना गेले असेल, तर पुढील वर्षी ३५ टक्के मिळतात. याउलट चालू वर्षात दावा झाला असेल, तर पॉलिसीवर २५ छापलेले असूनही पुढील वर्षी बोनस शून्य होतो. म्हणून केवळ जुन्या पॉलिसीची प्रत हा अर्धाच पुरावा ठरतो. ती मागील वर्षांविषयी सांगते, चालू वर्षाविषयी मौन राखते. ते मौन भरून काढण्यासाठी सूचना, पत्र किंवा घोषणापत्र लागते.

घोषणापत्राचे वजन

सूचना नाही आणि पत्रही वेळेत मिळाले नाही, तर ग्राहकाने काय करावे? त्याच्यासाठी नियमावलीने तिसरी वाट ठेवली आहे. जुन्या पॉलिसीची प्रत जोडून ग्राहकाने लेखी घोषणा करावयाची की, मागितलेला बोनसचा दर बरोबर आहे आणि संपत असलेल्या मुदतीत कोणताही दावा झालेला नाही. मात्र त्याच घोषणेत एक हमीही असते. ही घोषणा चुकीची आढळल्यास पॉलिसीच्या पहिल्या भागाखालील, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या हानीचे, सर्व लाभ जप्त होतील, हे ग्राहक स्वतःच मान्य करतो.

हे वाक्य बारीक अक्षरात असते आणि बहुतेक जण ते न वाचता खाली सही करतात. आता तर सहीही उरलेली नाही. मुंबईहून किंवा आणखी कोठून तरी फोन येतो. पलीकडची व्यक्ती घाईने विचारते, ‘सर, क्लेम नाही ना?’ दुकानात गिऱ्हाईक उभे असते. वाहनधारक ‘नाही, नाही’ म्हणून फोन ठेवतो. किंवा मुलगा संगणकावर चौकोनात खूण करतो. सहीचा कागद नसला तरी घोषणा झालेलीच असते. तिचे वजन यत्किंचितही कमी होत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे वजन मोजून पाहू. समजा, नांदगाव परिसरातील एका व्यापारी गृहस्थांची मोटार आहे आणि तिच्या ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम दहा हजार रुपये आहे. त्यांच्या पॉलिसीवर ३५ टक्के बोनस छापलेला आहे. पावसाळ्यात दारातल्या माडावरून नारळ पडून बॉनेट चेपले आणि त्यांनी सहा हजारांचा दावा घेतला. दिवाळीनंतर नवी कंपनी स्वस्तात विमा देते असे कळले. फोनवर प्रश्न आला. गृहस्थांना वाटले, नारळ पडला तो काही अपघात नव्हे, त्याला कसला क्लेम म्हणायचा? ते ‘नाही’ म्हणाले. नव्या कंपनीने ४५ टक्के बोनस दिला. साडेचार हजार रुपये वाचले. पुढील जुलैमध्ये फोंडाघाटाच्या वळणावर मोटार घसरून गटारात गेली आणि दुरुस्तीचा अंदाज एक लाख ऐंशी हजारांचा निघाला. दाव्याची छाननी करताना कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी केली. नारळाचा दावा उघड झाला. साडेचार हजारांच्या सवलतीपायी एक लाख ऐंशी हजारांवर पाणी सोडण्याची वेळ आली.

त्या गृहस्थांच्या मनात फसविण्याचा हेतू होता का? बहुधा नव्हता. परंतु कागदाला हेतू दिसत नाही, त्याला फक्त उत्तर दिसते. म्हणून एवढे लक्षात ठेवावे की, मोटारीच्या हानीपोटी कंपनीने काहीही रक्कम दिली असेल, गॅरेजला परस्पर दिली असेल तरी, तो दावाच होय. रक्कम लहान होती, चूक दुसऱ्याची होती, झाड सरकारी होते, यांपैकी कोणत्याही कारणाने ‘हो’चे ‘नाही’ होत नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत सत्य आणि अचौर्य यांचा समावेश आहे. न मिळविलेली सवलत घेणे हे दोहोंच्याही विरुद्ध जाते, हे या सभेत निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कंपनीचेही कर्तव्य असते

सचोटी ही एकतर्फी नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याच नियमावलीने कंपन्यांवरही बंधन घातले होते. घोषणेवर विसंबून बोनस देणाऱ्या नव्या कंपनीने संरक्षण दिल्यापासून २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीच्या कार्यालयाला नोंदणीकृत पत्र लिहून खातरजमा मागावी आणि जुन्या कंपनीने ते पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे. यात कसूर झाल्यास तो टॅरिफचा भंग मानला जाईल, असे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. प्रीमियम घेताना चौकशी करायची नाही आणि दावा आल्यावर मात्र तत्परतेने जुने दप्तर उघडायचे, ही रीत नियमाला अभिप्रेत नव्हती.

असे वाद ग्राहक आयोगांसमोर वारंवार गेले आहेत आणि निकाल एकसारखे लागलेले नाहीत. काही प्रकरणांत खोट्या घोषणेमुळे दावा पूर्णतः नाकारला जाणे योग्य ठरविले गेले. काहींमध्ये कंपनीने स्वतःची पडताळणी केली नव्हती म्हणून दाव्याची काही रक्कम देण्याचा आदेश झाला. म्हणजे चूक झालेल्या ग्राहकाला दार पूर्ण बंद नसते. परंतु ते उघडेल याची शाश्वतीही नसते. वर्षानुवर्षे तारखा घेत बसण्यापेक्षा फोनवरील एका प्रश्नाला दोन मिनिटे थांबून उत्तर देणे केव्हाही हिताचे.

विम्यातील परस्पर सद्भावाचे हे तत्त्व फार जुने आहे. १७६६ मध्ये इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम हा खटला लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे चालला. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ला शत्रूने घेतल्यास भरपाई मिळावी, असा विमा किल्ल्याच्या गव्हर्नराने उतरविला होता. किल्ला खरोखरच फ्रेंचांनी घेतला आणि किल्ल्याची दुर्बलता लपविली म्हणून विमेदार पैसे देईना. विमा उतरविणाऱ्याने जे केवळ त्यालाच ठाऊक आहे ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, हे तत्त्व मॅन्सफील्ड यांनी त्या खटल्यात मांडले. मात्र विमेदाराला जे ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, ते सांगितले नाही म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. आणि निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला. किल्ला असो वा मोटार, दोन्ही बाजूंनी सत्य बोलण्याचा हा करार आहे.

इतर देशांतही हीच वाट दिसते. ब्रिटनमध्ये दाव्याविना गेलेली वर्षे मोजतात आणि कंपनी बदलताना जुन्या कंपनीचा लेखी पुरावा मागतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार तर मागील पाच वर्षांतील दाव्यांचे विवरणपत्र मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि ते पंधरा दिवसांत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. परदेशी नोकरीला असलेल्या कुटुंबांना यात एक उपयोगाची गोष्ट आहे. परदेशात मिळविलेल्या बोनसचा पुरावा दाखविल्यास भारतातही तो देता येतो, अशी तरतूद २००२ च्या नियमावलीत होती. अट एवढीच की, परदेशातील पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत येथील विमा घेतला पाहिजे. म्हणून आखातातून किंवा विलायतेहून कायमचे परतणाऱ्याने सामानाबरोबर हा कागदही आणावा आणि येथे विमा घेताना कंपनीला तो दाखवून विचारणा करावी.

मुदतीचे गणित

बोनस सिद्ध करता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो जिवंत ठेवणे. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही, तर साठविलेला सारा बोनस नष्ट होतो. पहिल्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत बोनस टिकतो, परंतु संरक्षण टिकत नाही. या काळात अपघात झाला, तर भरपाई नाही. शिवाय विनाविमा वाहन चालविल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे.

२०१८ नंतर या बाबतीत एक नवा सापळा निर्माण झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. पुष्कळांचा समज होतो की, ‘गाडीचा विमा तीन वर्षांचा आहे, आता काळजी नाही.’ प्रत्यक्षात ओन डॅमेजचा भाग बहुधा एकच वर्षाचा असतो. तो निमूटपणे संपतो, पोलिसाने अडविले तरी थर्ड पार्टी चालू असल्याने लक्षात येत नाही, नव्वद दिवस उलटतात आणि बोनस हातचा जातो. १ सप्टेंबर २०१९ पासून केवळ ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसीही घेता येते आणि तीही दुसऱ्या कंपनीकडून. म्हणून पॉलिसीवरील दोन्ही मुदती पाहून दोन्ही तारखा दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवाव्यात.

मोटार विकली आणि नवी लगेच घेतली नाही, तर काय? अशा वेळी विक्रीचे कागद, म्हणजे नमुना २९ व ३० च्या प्रती अथवा नाव बदललेल्या आर.सी. बुकाची प्रत, आणि पॉलिसीची प्रत देऊन जुन्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. जुनी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांपर्यंत नवीन मोटारीसाठी ते वापरता येते. मुंबईच्या मुलाकडे काही काळ राहायला गेलेल्या ज्येष्ठांना हे पत्र उपयोगी पडेल.

घरातील कर्त्या पुरुषाच्या पश्चात

या नियमावलीत एक तरतूद विशेष माणुसकीची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. वाहनधारकाचे निधन झाले आणि मोटार त्याची पत्नी अथवा पती, मुले किंवा आईवडील यांच्या ताब्यात आली, तर दिवंगत व्यक्तीचा बोनस त्यांना मिळतो. पतीने पाच वर्षे जपून चालविलेल्या मोटारीचा पन्नास टक्के बोनस पत्नीला पुढे चालू ठेवता येतो. परंतु दुःखाच्या दिवसांत कोण विम्याचे कागद पाहतो? तीन-चार महिने निघून जातात, पॉलिसी संपलेली असते, नाव बदललेले नसते आणि ज्या कुटुंबाला पैशाची खरी निकड असते, त्याचाच हक्क बुडतो. अशा घरी भेटीस जाणाऱ्या आप्तेष्टांनी सांत्वनाबरोबर ‘गाडीच्या विम्याची तारीख कधी आहे?’ एवढे विचारले आणि मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज करण्यास हातभार लावला, तर ती मोठी मदत होईल. नोकरदारांनाही अशीच एक सोय आहे. संस्थेची मोटार जर एकाच कर्मचाऱ्याच्या स्वतंत्र वापरात असेल आणि पुढे ती त्याच्याच नावावर झाली, तर त्या काळातील बोनस त्याला मिळावा, असे नियमात म्हटले होते.

दावा घ्यावा की न घ्यावा?

व्यापारी वर्गाला हे गणित लगेच उमगेल. दहा हजारांचा मूळ प्रीमियम आणि पन्नास टक्के बोनस असलेला मनुष्य दरवर्षी पाच हजार भरतो. त्याने दावा घेतला, तर पुढील वर्षी दहा हजार, मग आठ हजार, साडेसात हजार, साडेसहा हजार, साडेपाच हजार असे भरत सहाव्या वर्षी तो पुन्हा पाच हजारांवर येतो. या पाच वर्षांत जादा गेलेली रक्कम मोजली, तर ती पाच, तीन, अडीच, दीड आणि अर्धा, मिळून साडेबारा हजार होते. मोटार जुनी होत जाते तसा मूळ प्रीमियमही कमी होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा लहान येईल. तरीही चार-पाच हजारांच्या चेपलेल्या दारासाठी दावा घेणे तोट्याचे, हे उघड आहे. मोठे नुकसान झाले, तर मात्र दावा निःसंकोच घ्यावा. विमा त्यासाठीच असतो. काही कंपन्या थोड्या जादा प्रीमियममध्ये बोनस संरक्षणाची जोड देतात; तिच्या अटी वाचून निर्णय घ्यावा. वर्षाअखेरीस दावा घेतला असेल, तर तो घेतला असे सांगून पुढील विमा घ्यावा. बोनस पुन्हा मिळविता येतो, गेलेली पत मिळविता येत नाही.

काही व्यावहारिक सूचना

वाहनधारकाने एक फाइल करावी. तीत किमान मागील पाच वर्षांच्या पॉलिसी, नूतनीकरणाच्या सूचना, दावा झाला असल्यास त्याची कागदपत्रे आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावावा. कंपनी बदलायची असेल, तर मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी जुन्या कंपनीकडे बोनसचे पत्र मागावे. नवी पॉलिसी हाती येताच तिच्यावरील नाव, वाहन क्रमांक, जुन्या कंपनीचे नाव, जुना पॉलिसी क्रमांक आणि बोनसचा टक्का हे पाच तपशील स्वतः तपासावेत. प्रतिनिधीने चुकीचा टक्का लिहिला असेल, तरी घोषणा ग्राहकाचीच धरली जाते. चूक आढळल्यास त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे, फरकाची रक्कम भरावी आणि दुरुस्तीचा कागद घ्यावा. अपघातापूर्वी स्वतःहून दुरुस्त केलेली चूक ही चूक राहत नाही.

कंपनी हक्काचा बोनस नाकारत असेल किंवा पत्रच देत नसेल, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे काम पुणे येथील लोकपाल कार्यालयाकडे येते. तेथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच. या सर्व ठिकाणी विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच असतो : कागद कोठे आहे?

बंधु-भगिनींनो, या भूमीतल्या जुन्या पेढ्यांवर लाल कापडाच्या वह्या असत. त्या वहीत लिहिलेला आकडा पुढच्या पिढीनेही मानावा, अशी तिची प्रतिष्ठा होती. ती प्रतिष्ठा वहीच्या कापडाची नव्हती, लिहिणाऱ्या हाताची होती. विम्याच्या अर्जातील ‘क्लेम घेतला होता का?’ हा प्रश्नही अशाच एका वहीची ओळ आहे. तिथे खरे लिहिणाऱ्याला प्रसंगी दोन-चार हजार अधिक भरावे लागतील. परंतु पावसाळी रात्री घाटात मोटार उलटली असता, त्याचे कुटुंब निर्धास्तपणे कंपनीचे दार ठोठावू शकेल.

जय जिनेंद्र.